रस्त्याला भिंत नसते, तात्या

तीर्थरूप तात्या,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. कशाला लिहिणार? आपण दोघं जन्मभर एकाच घरात राहिलो. मी काशीबाहेर गेलो तो फक्त माझ्या लग्नाला, आणि तेव्हाही तुम्ही बरोबरच होतात. आज लिहितो आहे, कारण उद्या सकाळी कचेरीत माझी साक्ष आहे. अशा वेळी घरात ज्यांच्याशी बोलून घ्यावं, असे तुम्हीच होतात.

उद्या मला विचारणार आहेत, मोटारीचा भोंपू वाजला होता की नाही.

सरकारी वकिलांनी परवा बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पान पुढे केलं आणि म्हणाले, "मास्टर साहब, मामला सीधा है। भोंपू बजा, तो ड्राइवर छूटा। नहीं बजा, तो फँसा। आपको बस हाँ या ना कहना है।" हो किंवा नाही! तुमचं जाणं एवढ्यात बसवायचं आहे त्यांना.

भाऊकाका सांगतात, नाही म्हण. तुमचे धाकटे भाऊ, तुमच्यापेक्षा तापट. ते रोज संध्या आटोपली की माझ्यासमोर येऊन बसतात. "सदा, तू तिथे होतास. तू नाही म्हणालास की संपलं. पुढचं ते बघतील." आणि मोटारीच्या मालकाचा वकील म्हणतो की भोंपू दोनदा वाजला, म्हातारा गोंधळला, एकदा पुढे पळाला, एकदा मागे पळाला आणि चाकाखाली आला.

मी पाहिलं ते ह्या दोन्हींत नाही. भोंपू वाजला. आणि तुम्ही पळाला नाहीत. तुम्ही जागचे हललासुद्धा नाहीत. हे खरं सांगितलं तर ते कुणाच्याच उपयोगाचं नाही, तात्या! मग ते मी कुणासाठी सांगू?

का उभे राहिलात? हा एकच प्रश्न माझ्यामागे लागला आहे. वर्गात मुलांना त्रैराशिक घालतो, फळ्याकडे पाठ करतो आणि मुलांच्या डोक्यांवरून तुम्ही दिसता. उपरणं खांद्यावर, गंगाजलाचा तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. उभे. मुलं म्हणतात, "मास्टर साहब, आगे?" मी पुन्हा फळ्याकडे वळतो.

खरं म्हणजे उत्तर मला लहानपणापासून ठाऊक आहे. तुम्हीच शिकवलंत.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. दुर्गाघाटाच्या उतरणीला गल्ली इतकी अरुंद होते की समोरून माणूस आला तर एकाने अंग चोरावं लागतं, तिथे समोरून सांड आला. सोडलेला, मोकाट, शिंगं ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी उलटा पळणार, तोच तुम्ही माझी शेंडी धरलीत.

"पाठ भिंतीला लाव. आता हलू नकोस."

"तात्या, तो मारेल!"

"नाही मारणार. येणाऱ्याला डोळे असतात, सदू. तू धावलास तर त्याला कळणार नाही तू कुठे चाललास. तू उभा राहा. कसं जायचं ते त्याला ठरवू दे."

मी उभा राहिलो. त्याचा गरम श्वास पोटावर आला. त्याने मान वळवली, कूस माझ्या अंगाला घासली आणि तो गेला. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "जा राजे, भाजीवाली वाट बघत असेल!" मी रडता रडता हसलो होतो.

आपल्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. गल्लीत मागून हाक आली की कुणी धावत नाही. भिंतीला लागतं आणि उभं राहतं. मग सांड असो, डोक्यावर लाकडं घेतलेला मजूर असो, नाहीतर प्रेत घेऊन मणिकर्णिकेकडे निघालेले लोक असोत. जो उभा राहिला तो वाचला. ब्रह्माघाटावरचं आंधळं माणूससुद्धा ह्याच नियमावर चालतं.

पण तात्या, तुम्ही त्या दिवशी गल्लीत नव्हतात ना!

तुम्ही रस्त्यावर जायचंच नव्हतं. इतकी वर्षं दर श्रावणी सोमवारी तुम्ही अहिल्याबाई घाटापाशीच्या महादेवावर रुद्राभिषेक करायला जात होतात. ब्रह्माघाटावर स्नान करून, तांब्या भरून, घाटाघाटानेच. पण ह्या श्रावणात गंगा चढली. आपल्या घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, काठच्या लहान देवळांच्या मढ्या बुडाल्या, नावा बंद झाल्या. मग वाट उरली ती गल्ल्यांची. विश्वनाथाच्या गल्लीतून बाहेर पडायचं, दशाश्वमेधाचा रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या गल्लीत शिरायचं. सगळ्या वाटेत रस्ता तेवढा एकच.

आई म्हणाली होती, "सदूला बरोबर घ्या."

"सदूची शाळा आहे. आणि मी काय पहिल्यांदा सासरी चाललोय, पाठराखीण घेऊन?"

आई पदराआड हसली. ते तुमचं तिच्याशी शेवटचं बोलणं. ती अजून मधूनच ते वाक्य स्वतःशी म्हणते.

मी शाळेला निघालो होतो. सायकल नेहमीसारखी गल्लीच्या तोंडाशी शिंप्याच्या दुकानातून काढली आणि दशाश्वमेधाच्या चौकात आलो. तिथे हल्ली मधोमध दगडी ओटा बांधला आहे आणि त्यावर छत्रीखाली शिपाई उभा असतो. पांढऱ्या बाह्यांचा. मोटारी वाढल्या, म्हणून कोतवालीने बसवला. तो एक्केवाल्यांना शिव्या घालतो, सायकलवाल्यांचं चालान करतो, पायी चालणाऱ्यांना कडेला हाकतो. मोटार आली की मात्र सलाम ठोकतो.

माझंही चालान केलं होतं त्याने, आठवतं? सायकलला घंटी नव्हती म्हणून. मी घंटी बसवून घरी आलो तेव्हा तुम्ही ती वाजवून पाहिलीत आणि म्हणालात, "आपण देवाला उठवायला घंटा वाजवतो, तुम्ही माणसाला हटवायला!" मला तेव्हा राग आला होता. शिकलेल्या मुलाची थट्टा करतात, असं वाटलं होतं.

त्या सकाळी शिपायाने आम्हाला अडवलं. "ए साइकिल! ए पैदल! रुको सब!" एका लाकडाच्या व्यापाऱ्याची मोटार येत होती. आम्ही सगळे थांबलो. मी एक पाय जमिनीवर टेकून उभा. शिपाई मोटारीकडे तोंड करून ताठ झाला, हात कपाळाला नेला.

आणि त्याच्या पाठीमागून, विश्वनाथाच्या गल्लीतून, तुम्ही बाहेर आलात. तुम्हाला कुणी रुको म्हटलं नाही. तुम्ही आपल्या चालीने रस्त्यावर उतरलात.

भोंपू वाजला.

तुम्ही थांबलात. मान वर केलीत. तांब्या छातीशी घेतलात. आणि मग, तात्या, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं: तुम्ही पाठ जराशी मागे टेकवलीत. भिंतीला टेकवतात तशी. मागे काही नव्हतं. मागे रस्ता होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. तुम्ही मला पाहिलंत का? मला वाटतं पाहिलंत. तुमच्या तोंडावर भीती नव्हती. दुर्गाघाटाच्या उतरणीवर होतात तसेच होतात. भोंपू पुन्हा वाजला. मोटार हळू झाली नाही.

त्यानंतरचं मला तांब्याच्या आवाजात आठवतं. तो रस्त्यावरून घरंगळत माझ्या सायकलच्या चाकापर्यंत आला होता.

तो तांब्या आता स्वयंपाकघरात फडताळाखाली आहे. एका अंगाला चेपला आहे, त्यामुळे सरळ बसत नाही. कुणी पाटावरून उठलं, कुणी दार जोरात लावलं, की तो डुगडुगतो. टुक, टुक, टुक. मग सगळे बोलायचे थांबतात. भाऊकाका म्हणाले, तांबटाला देऊ, ठोकून सरळ करून देईल. आई म्हणाली, "राहू दे. घरात त्यांचा काहीतरी आवाज हवा."

तुम्ही गेल्यावर घंटी मी वाजवलेली नाही. पुढे माणूस दिसलं की अंगठा तिच्यावर जातो आणि तिथेच राहतो. मी उतरतो, सायकल हातात घेऊन त्याच्या मागून चालतो. दुकानदार हसतात. "मास्टर साहब साइकिल को टहलाने ले जा रहे हैं!" हसू देत. ज्याला घंटी ऐकू आली तो हटेल की उभा राहील, हे मला कसं कळणार?

गेल्या आठवड्यात तो ड्रायव्हर घरी आला होता. रामधनी नाव आहे त्याचं. माझ्याहून लहान. उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मालिक ने नहीं भेजा है, मास्टर साहब। खुद आया हूँ।"

भाऊकाका आतून धावून आले. "चल निघ इथून! साक्ष फिरवायला आलास?"

"नहीं महाराज। जो सच है वही कहिएगा। भोंपू हमने बजाया था।"

मी विचारलं, "उनको देखा था तुमने?"

त्याने टोपीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दूर से देखा था। सोचा, हट जाएँगे। सब हट जाते हैं।"

"और गाड़ी धीमी क्यों नहीं की?"

"मालिक पीछे बैठे थे, देर हो रही थी। धीमी करता हूँ तो डाँटते हैं।"

सब हट जाते हैं! तुम्हाला वाटलं येणाऱ्याला डोळे आहेत. होते, तात्या. डोळे होते. त्याने तुम्हाला पाहिलं होतं. त्याला वाटलं तुम्ही हटाल, तुम्हाला वाटलं तो वळेल. दोघांनीही एकमेकांना पाहिलं होतं आणि तरीही असं झालं. रामधनीने पाहिलंच नसतं, तर मला इतकं छळलं नसतं.

काल शाळा सुटल्यावर मी चौकात जाऊन उभा राहिलो. साक्षीच्या आधी जागा पाहून घ्यावी, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे विश्वनाथाच्या गल्लीच्या तोंडाशी, तुम्ही बाहेर आलात तिथे, मला एकदा उभं राहायचं होतं. तुम्हाला पहिल्यांदा काय दिसलं असेल, ते पाहायचं होतं.

तात्या, पाहिलं मी! गल्लीतून बाहेर आलं की समोरच तो शिपाई दिसतो. रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा. हलत नाही. आणि एक्के, सायकली, टांगे, मोटारी, सगळे त्याला वळसा घालून जातात. कुणी त्याला धक्का लावत नाही. तुम्हीही हेच पाहिलं असणार. तुम्हाला वाटलं असणार, इथेही आपल्यासारखंच आहे. उभा राहतो त्याला जाऊ देतात.

शिपायाने मला ओळखलं. "क्या मास्टर साहब, खड़े काहे हैं? निकल जाइए, रास्ता साफ़ है।"

मी म्हटलं, "उस दिन आपने उन्हें देखा था?"

त्याचा आवाज खाली आला. "हमारी पीठ थी, मास्टर साहब। सलाम कर रहे थे। न करते तो साँझ तक वर्दी उतर जाती।" पुढे म्हणाला, "लगा कि पीछे कोई नहीं है।" मग एका सायकलवाल्यावर ओरडला, "ए! बायें से!" आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच्यावर रागवायला गेलो होतो बहुतेक. तेही जमलं नाही.

आईने तुम्ही गेल्यानंतर मला दोनच प्रश्न विचारले. पहिला तेराव्याच्या दिवशी. लोक उठून गेल्यावर हळूच जवळ आली आणि म्हणाली, "सदू, तो रस्ता काशीतच येतो ना रे?" मला आधी कळेना. मग कळलं. काशीत मरण येणाऱ्याला मोक्ष, असं तुम्ही तिला जन्मभर सांगत आलात. तिला एवढंच पाहायचं होतं की मोटारींच्या रस्त्याला ते लागू आहे की नाही! मी म्हटलं, "काशीतच येतो, आई. अगदी मधोमध." ती "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

दुसरा प्रश्न आज दुपारी. भाऊकाका मला पढवत होते. "भोंपू नाही वाजला. एवढंच बोलायचं. घाबरायचं नाही." आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "ते घाबरले होते का रे?"

मग मी सांगितलं. पहिल्यांदाच. भोंपू वाजला हे सांगितलं, तुम्ही उभे राहिलात हे सांगितलं. पाठ मागे टेकवलीत तेही सांगितलं.

"पळाले नाहीत?"

"एक पाऊलसुद्धा नाही."

"तांब्या?"

"दोन्ही हातांत. छातीशी."

आईने सूप खाली ठेवलं. "मग तसंच सांग उद्या."

भाऊकाका तडकले. "वहिनी, अहो तो सुटेल! भोंपू वाजला म्हटलं की सुटला तो! म्हातारा आपल्याच चुकीने मेला, असं कागदावर लिहितील!"

"सुटू दे नाहीतर अडकू दे. काय लिहायचं ते लिहू देत." मी आईला भाऊकाकांशी इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ते पळाले नाहीत. तो वकील त्यांना कचेरीत पुढे-मागे पळवतोय, आणि भाऊजी, तुम्ही भोंपूच काढून टाकताय. मग ते उभे कशासाठी राहिले होते? उगीच? ते उभे राहिले होते ते ऐकू आलं म्हणून. त्यांचं तेवढं शहाणपण तरी त्यांच्यापाशी राहू द्या."

फडताळाखाली तांब्या डुगडुगत होता.

भाऊकाका म्हणाले, "दादा लहानपणी मलाही तिथेच उभं करायचा. दुर्गाघाटाच्या उतरणीला." आणि उपरण्याने तोंड पुसत संध्येला निघून गेले. अजून दिवस मावळला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही, तात्या, आणि ती तुम्हीच सांगायला हवी होती. आपल्या शांतेला मी काय शिकवू? परवा मी तिला घेऊन येत होतो तर गल्लीत सांड आला. मी काही बोलायच्या आत ती भिंतीला लागली. हात छातीशी, पाठ ताठ, हुबेहूब तुम्ही! सांड निघून गेला तशी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही का घाबरलात? त्याला डोळे आहेत." मी तिला म्हणायला गेलो की गल्लीत आजोबांचं ऐकायचं, पण रस्त्यावर... आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेना. रस्त्यावर येणाऱ्याला डोळे नसतात, असं सांगू? ते खोटं आहे. असतात, पण तो थांबत नाही, असं सांगू? सात वर्षांच्या पोरीला?

इतकं साधं कसं चुकलं तुमचं! किती वेळा म्हणालो होतो, तात्या, आता शहर पूर्वीसारखं नाही. तुम्ही म्हणायचात, "शहर तेच आहे. माणसं घाईत आहेत." घाई काय करते ते तुम्हाला एकदा तरी दिसायला हवं होतं. पण दिसायला रस्त्यावर यावं लागलं असतं, आणि तुम्ही आयुष्यात तेवढं कधी आलाच नाहीत.

आता दिवे लागले आहेत. आई तुळशीपाशी आहे. उद्याचं धोतर तिने घडी करून ठेवलं आहे.

मी बोलका माणूस नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कचेरीत माझा आवाज कितपत निघेल, देव जाणे. पण हा शब्द देतो. मला हो की नाही विचारलं तर मी हो म्हणेन, आणि तेवढ्यावरच साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरणार नाही. पुढचंही सांगेन. की भोंपू वाजला, तो ऐकून वेदमूर्ती तात्या उभे राहिले. की आमच्या गल्ल्यांत हाक आली की उभं राहतात. की मोटारीपुढे मोकळा रस्ता होता आणि ती हळू झाली नाही. की चौकातला शिपाई त्या वेळी सलाम करत होता. ऐकायचं नसेल तर ऐकू नये. मी सांगून येईन. रामधनीने मला पायरीवर जे सांगितलं ते त्याचं त्याने सांगावं. मी पाहिलं तेवढंच माझं.

आणि शांतेला रस्त्यावर मी हात धरून नेईन. वाक्य सुचेपर्यंत हात.

कचेरीतून परतताना मी त्या चौकात येईन. गंगा उतरली आहे, घाट मोकळे झालेत, तरी मी त्याच रस्त्याने येईन. आईने तो तांब्या बरोबर न्यायला सांगितलं आहे. तुमचा अभिषेक राहिला आहे ना पलीकडे.

तुम्ही तिथे अजून उभे आहात, हे मला माहीत आहे. रोज दिसता. एक्के आणि मोटारी तुमच्यातून आरपार जातात आणि तुम्ही मागे पाठ टेकवायला जागा शोधत असता. उद्या मी सायकल बाजूला लावीन आणि तुमच्या मागे येऊन उभा राहीन. शिपाई ओरडला तरी. पाठीला भिंत हवी होती ना? मी आहे.

मग हला, तात्या. आता हललात तरी चालेल. आपण मिळून पलीकडे जाऊ.

तुमचा,
सदू